यायचं असेल तर

पोलीस चौकीत फोन थेट परदेशातून आला. म्हाताऱ्या शिंप्याची नात बोलत होती. तिला फक्त इंग्रजी येत होतं. आजोबा आठवडाभर फोनच उचलत नव्हते.

फौजदारबाई शिंप्याच्या खोलीवर पोचल्या. दार पुतण्यानं उघडलं. मशीनवर जाड लोकरी कोट अर्धवट शिवून पडला होता, म्हाताऱ्याच्याच मापाचा. त्याचा मोबाइल खिडकीत, बंद. पलीकडच्या खोलीत पुतण्या इंग्रजीची शिकवणी घ्यायचा. फळ्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: अटीच्या 'इफ'नंतर 'विल' वापरू नये.

"काका कुठे आहेत?"

"वृद्धाश्रमात. खोली मला देऊन गेले, स्वतःहून."

"का?"

"नातीनं निरोप धाडला, यायचं असेल तर कळवा. इतकं कोरडं! काकांच्या मनाला लागलं."

"इंग्रजी निरोप त्यांना समजावला कोणी?"

"मीच. त्यांना कुठलं येतंय इंग्रजी?"

बाईंनी मोबाइल चार्जिंगला लावून निरोप ऐकला. नात म्हणत होती, 'टेल मी इफ यू विल बी कमिंग.' त्यांनी तो पुन्हा ऐकला आणि पुतण्याला गाडीत बसवलं.

म्हातारा कॉटच्या कडेला बसला होता, भिंतीकडे तोंड करून.

"आजोबा, नातीनं तुम्हाला टाळलं नाही. ती विचारत होती, तुम्ही येणार की नाही."

"'इफ' म्हणजे 'जर'च ना?" पुतण्या उसळला.

"'की नाही' असाही अर्थ होतो. अट असती तर पुढे 'विल' आलं नसतं. 'विल' आहे, म्हणजे वाक्याच्या पोटात प्रश्न आहे. हा नियम तुम्हीच फळ्यावर लिहिलाय. तेव्हा ही चूक नव्हे. प्रश्नाची अट केलीत. मानी आजोबा गप्प बसले, तिकडे नात उत्तराची वाट बघत राहिली आणि खोली तुमच्या घशात गेली."

म्हातारा पुतण्याकडे वळला.

"मी तिकडच्या थंडीसाठी कोट शिवायला घेतला होता रे," म्हातारा पुटपुटला.

"नातीला काय सांगू?" बाईंनी विचारलं.

"येतो म्हणावं."

बाई पुतण्याला घेऊन दाराशी गेल्या, तशी मागून हाक आली.

"बाई, तो असा का वागला, ते त्याच्याकडून कळलं तरी मला नका सांगू. एवढ्या वर्षांत संध्याकाळी माझ्याशी बोलायला तोच तेवढा यायचा."