झाडाखालची तिसरी

धुक्यातून भुरभुर सुरू झाली आणि उंबराखाली बसलेली अख्खी तिसरी एनेलेसीबाईंच्या दुसरीत घुसली. डेड्झाच्या डोंगरातली जूनची थंडी; इकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. पोरं चिमण्यांसारखी एकमेकांना खेटून बसली. त्यांच्यामागून दारात आला एक उंच, अनोळखी तरुण – कोट ओला, हातात खडूचा तुकडा.

"माफ करा हं, मॅडम. माझं छप्पर गळायला लागलं."

"ते झाड ना? ते नेहमीच गळतं," एनेलेसी म्हणाली. "या. फळ्याची डावी बाजू तुमची. आवाज मात्र हळू."

लिंबानी मुंताली, दूर उत्तरेतल्या रुम्फीहून एका सत्रापुरता आलेला शिक्षक. त्यानं तिसरीला सात चोक विचारलं, उत्तर आलं दुसरीतून.

"मॅडम, तुमची पोरं आगाऊ आहेत."

"पोरं हुशार आहेत. आगाऊ त्यांच्या बाई."

तो हसला. भुरभुर थांबून बराच वेळ झाला, तरी तो हलेना.

"पाऊस थांबला, सर."

"हो का? मला तर अजून ऐकू येतोय…"

त्यानंतर आभाळ जरा झाकोळलं, की तिसरी आत यायला लागली. गावाला कळायला कितीसा वेळ लागतो! हापशावर नाबांडामावशीनं तिला गाठलंच.

"उत्तरेकडचा आहे तो. ती माणसं गाई देतात नि बायको घेऊन जातात. चौथीच्या बाई अशाच नवऱ्यामागं शहरात गेल्या. चौथी अजून पोरकी आहे, पोरी."

"मावशी, मी काय बादली आहे, कुणीही उचलून न्यायला?"

असं म्हणाली खरी. पण दुसऱ्या पहाटे प्रार्थनेला गुडघे टेकले, तेव्हा मन देवापुढं ठेवायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

सत्राच्या शेवटच्या दिवशी लिंबानी फळा पुसत म्हणाला, "आमच्याकडे कॉफीची झाडं आहेत. आई आहे. शिक्षकांना पक्की घरं आहेत… येशील?"

एनेलेसीनं नजर चुकवली नाही. "तुम्ही मला आवडता. हे मी लपवत नाही. पण मी गेले, की दुसरीसुद्धा तिसरीसारखी नुसत्या झाडाच्या भरवशावर राहील, आणि झाडाला काही शिकवता येत नाही. मी येणार नाही."

"इतकं लख्ख उत्तर…"

"अंधुक दिलं असतं, तर तुम्ही आशेवर राहिला असता."

तो गेला. नवं सत्र सुरू झालं, तिसरीला कुणी आलं नाही. दोन्ही वर्ग एकटीनं सांभाळताना एनेलेसीचा घसा बसला. पण जे बोलली, त्याचा तिला पस्तावा नव्हता. आठवण मात्र यायची – फळ्याच्या डाव्या बाजूला हात गेला, की हटकून.

एका शनिवारी तिच्या मामाच्या अंगणात दोघं उतरले. लिंबानी आणि त्याचा म्हातारा मामा. म्हाताऱ्याच्या काखेत तांबडा कोंबडा.

"तुमच्याकडची मागणी म्हणजे गाई ना?" एनेलेसीचा मामा चकित झाला. "कोंबडा तर आम्ही आणतो. मुलाचा कोंबडा आला आणि मुलीकडून कोंबडी दिली, की होकार. आणि मग जावई इथं, बायकोच्या गावात येऊन राहतो. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, म्हणून तर गाई घरी ठेवल्या," म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला. "पोरगा म्हणतो, मुलगी आणायची नाही, मलाच तिकडे ठेवा. त्याच्या आईनं जेवण सोडलं होतं. मग म्हणाली, जातोच आहेस तर कोंबडा तरी चांगला ने."

"कोंबडा चांगला आहे," एनेलेसीचा मामा म्हणाला. "पण नवरदेवानं बोलण्यांत बसायचं नसतं. ऊठ रे."

लिंबानी ओशाळून चुलीकडे आला. तिथं एनेलेसी बटाटे सोलत होती.

"शिक्षण कचेरीत बदलीचं काय म्हणाले?" तिनं मान वर न करता विचारलं.

"कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, त्या गावातून सुटायला रांग लागते. आत जायला मागणारे तुम्ही पहिलेच. सोमवारपासून तिसरी माझी. आणि… इथल्या रीतीप्रमाणे घरही मीच बांधायचं ना?"

"आधी तिसरीची खोली. मग घर."

"जशी आज्ञा, मॅडम. पण तुझं उत्तर?"

इतक्यात आतून मामाची हाक आली. "एनेले, आपली कोंबडी द्यायची का गं?"

तिनं सुरी खाली ठेवली. अंगणातली सगळ्यात गलेलठ्ठ कोंबडी स्वतः धरली, आणि लिंबानीच्या समोरून, मान ताठ ठेवून, आत घेऊन गेली.