कोळशाचं दही

आमच्या मजल्यावर दोनच घरं. एकात मी, समोरच्यात मैत्री मेश्राम. मधल्या खिडकीतून फरीदाबादच्या कारखान्यांची धुरांडी दिसतात आणि हवा बरी असली तर त्यांच्यामागे अरवलीची मळकट रेघ. हवा बरी क्वचितच असते.

मी अविनाश बर्वे, लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त. नोकरी सरकारी हिशेबांतल्या चुका काढण्यात गेली, आता शेजाऱ्यांच्या काढतो. बायको सध्या पुण्याला मुलीकडे आहे. तिथून फोनवर सांगते, "तुम्ही माणसाशी बोलत नाही हो, त्याचा ताळेबंद मांडता." खोटं नाही. बहुतेकांच्या जमेच्या रकान्यात फारसं काही निघत नाही, त्याला मी काय करू?

मैत्रीचा रकाना मात्र भरत गेला, आणि तो एका कुत्र्यामुळे.

मैत्री चाळिशीची, एकटी, दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कार्यालयात अनुवादक. सकाळी बाटा चौकाहून मेट्रो, संध्याकाळी परत. दिवाळीनंतर तिचे वडील गेले. काशीनाथ मेश्राम, भंडाऱ्याकडच्या एका गावात शाळामास्तर. तिथलं सगळं आवरून ती परतली तेव्हा टॅक्सीतून एक लाकडी हातांची खुर्ची उतरली, कपड्यांचं गाठोडं उतरलं आणि शेवटी एक दांडगा काळा कुत्रा.

"हा कोळशा," ती म्हणाली. "बाबांचा."

"आणि आता?"

"आता माझा. बाबांचं शेवटचं बोलणं तेच होतं, काका. याला कुणाकडे सोडू नकोस म्हणाले."

कोळशाने जन्मात बंद दार पाहिलं नव्हतं. सकाळी मास्तरांबरोबर तळ्याच्या पाळीवर फेरी, मग मास्तर वाचत बसले की त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून झोप. असं आयुष्य काढलेल्या प्राण्याला तिसऱ्या मजल्यावर कोंडलं, तर तो काय करणार? मैत्री ऑफिसला गेली आणि तो रडू लागला. भुंकणं नव्हे. लांब, चढत जाणारा, मधेच श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारा सूर. दुपारी लाकूड कुरतडल्याचा आवाज. संध्याकाळी तिने दार उघडलं तेव्हा मीही डोकावलो. चौकटीचं सालपट काढलेलं, उशांचा कापूस पंख्यापर्यंत, दारावर नखांचे ओरखडे आणि त्या ओरखड्यांत रक्त.

वरच्या मिसेस खुराना जिन्यातच म्हणाल्या, "भाईसाब, ये कुत्ता भौंकता नहीं, मातम करता है." या बाईंनी आयुष्यात केलेलं एकमेव अचूक निरीक्षण.

घरमालक दिल्लीला असतात. त्यांचा फोन आला. या महिन्यात कुत्रा गप्प झाला नाही, तर तो निवाऱ्यात जाईल, नाहीतर भाडेकरू बाहेर. मैत्री फोन ठेवून माझ्या दारात उभी राहिली. रडली नाही. "काका, तुम्ही दिवसभर घरी असता. तो किती रडतो तेवढं ऐकून ठेवाल? खरं सांगायचं, माझं मन राखायला नाही."

खरं सांगायला माणूस शोधताना ती माझ्याकडे आली, म्हणजे बाईला माणसांची पारख आहे. मी हो म्हटलं.

तिची पद्धत बघून आधी मला हसू यायचं. रजा टाकून ती घरात बसली. चप्पल घालायची आणि सोफ्यावर बसायची. किल्ल्या उचलायची, खणखणवायची, परत ठेवायची. दाराबाहेर यायची, माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवायची आणि कोळशाने सूर लावायच्या आत परत जायची. असं दिवसभर. हळूहळू ती जिन्याच्या वळणापर्यंत पोचली, मग फाटकापर्यंत. जाताना लाड नाहीत, आल्यावर नाच नाही.

"यार, मी गेले की जग बुडत नाही, एवढंच त्याला समजायला हवंय," ती म्हणायची.

पहाटे ती त्याला दमेपर्यंत फिरवून आणायची. कुठेतरी वाचून तिने रबराचं पोकळ खेळणं आणलं. त्यात काही भरून गोठवायचं, कुत्रा तासभर चाटत बसतो. माणसाच्या अंगाचा वास असलेला कपडा जवळ ठेवायचा, हेही त्यातलंच. मैत्रीने स्वतःची ओढणी ठेवली नाही. मास्तरांचा न धुतलेला शर्ट काढला आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.

खेळण्याकडे कोळशाने ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणून एक दिवस तिने त्यातलं दही तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरलं. त्याने चाटलं. आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "ये लवकर."

त्या दिवशी कोळशा रडला नाही.

मी बाहेर उभाच होतो. संध्याकाळी तिला चिडवलं. "अगं, दही कुणाच्या हातावर घालतात? बाहेर जाणाऱ्याच्या. म्हणजे तो सुखरूप परत येतो. जातेस तू आणि दही खातो तो. उलटी नोंद केलीस."

"आई हातावर दही घालायची तेव्हा तेच म्हणायची ना, ते तोंडात बसलंय." ती हसली. "बाबा कर्मकांडाचं नाव काढलं तरी चिडायचे. घरात बुद्धवंदना सोडून काही नाही. पण आईच्या दह्यापुढे त्यांचंही चालायचं नाही. दही खायचे आणि वर वाटीत उरलेलं बोटाने गोल पुसून घ्यायचे. चमचा कधी नाही."

"पण नोंद उलटीच."

"तो शांत राहिला ना? मग राहू दे उलटी."

ती ऑफिसला जाऊ लागली. रोज दारात तळहातावर दही, रोज "ये लवकर". समोरच्या घरातून दिवसभर आवाज नाही. मिसेस खुराना मला विचारून गेल्या, कुत्ता बेच दिया क्या? घरमालकांनाही मी स्वतः फोन करून सांगितलं, तक्रार निकाली. चिकाटी पुष्कळांकडे असते. पण दुसऱ्याला ओझं वाटू न देता चिकाटी करणारी माणसं मी कमी पाहिली. ते मी जमेला धरलं.

मग मैत्रीने फडताळावर कॅमेरा लावला, ऑफिसातून मोबाइलवर बघायला. बैठकीची खोली दिसायची. फक्त मास्तरांची खुर्ची ठेवलेला कोपरा चौकटीबाहेर राहायचा. कोळशा दही चाटायचा, दार लागेपर्यंत बघायचा, मग शेपटी हलवत त्या कोपऱ्याकडे जायचा. तिच्या येण्याच्या बेताला तिकडूनच परत यायचा. मधला सगळा वेळ रिकामी खोली.

"झोपतो तिथे," मैत्री म्हणाली.

"झोपेल नाहीतर काय करेल," मी म्हणालो.

पहिल्यांदा फरशीवर माती दिसली ती मला. काळ्या कुत्र्याच्या अंगावर काळी माती दिसत नाही, पांढऱ्या फरशीवर दिसते. चिकट, काळीभोर माती, पंज्यांच्या आकाराची. आमच्याकडची माती भुरी असते, पिठासारखी. मग त्याच्या पोटाच्या केसांत कुसळं सापडली. आणि एका संध्याकाळी तो ओला होता. हिवाळ्याचे दिवस, गच्च बंद घर, आणि कुत्रा पोटापर्यंत ओला.

मैत्रीने त्याला पुसता पुसता पंचा नाकाला लावला. तशीच राहिली.

"काय झालं?"

"तळ्याचा वास येतोय, काका."

मी न्हाणीघर तपासलं. नळ कोरडा, बादली पालथी. दुसऱ्या दिवशी ती निघताना, तिला सांगून, गच्चीवजा सज्ज्याच्या दाराला आणि मुख्य दाराला कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. वर माझी सही. जुनी सवय. संध्याकाळी दोन्ही पट्ट्या शाबूत होत्या. कोळशाच्या शेपटीला शेवाळाची हिरवी दोरी लटकत होती.

मैत्रीने ती सोडवली, बोटाला गुंडाळली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "काका, तो शांत आहे. मला आत्ता तेवढं पुरे."

तिच्या जागी मी असतो, तर घर बदललं असतं. तिने पंचा धुऊन वाळत घातला.

थंडीच्या ऐन दिवसांत तिला ऑफिसने भोपाळला पाठवलं. एक रात्र मुक्काम. किल्ली माझ्याकडे. "बाकी काही नाही. सकाळी दही आणि 'ये लवकर'. विसरू नका हं. बिल्कुल."

"मी आणि विसरेन?"

विसरलो नाही. त्याहून वाईट केलं. सकाळी कोळशाला फिरवून आणलं. फ्रीजमधून दही काढलं आणि हातात वाटी घेऊन दारात उभा राहिलो. आयुष्यभर चुकीच्या नोंदी दुरुस्त केलेला माणूस मी. बाहेर जाणार मी, दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजाराला, नातवाचा स्वेटर आणायला. मग दही कुणाचं? मी ते माझ्या तळहातावर घेतलं आणि खाल्लं. गोड होतं. वाटी धुऊन ठेवली. कोळशापुढे गोठवलेलं खेळणं टाकलं.

त्याने ते हुंगलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मग वळला आणि कोपऱ्याकडे गेला.

मी दार लावलं.

मैत्रीने जाताना कॅमेरा माझ्याही मोबाइलला जोडून दिला होता. सरोजिनी नगरच्या गर्दीत एकदा खोली पाहिली. रिकामी. रोजच्यासारखी. स्वेटरवाल्याशी घासाघीस केली, जिंकलो, खुशीत परतलो.

दार उघडलं तेव्हा उजेड उतरला होता. घरात आवाज नव्हता. माती नव्हती. खेळणं होतं तिथेच, भोवती पाण्याचं थारोळं.

"कोळशा?"

खुर्चीमागे पाहिलं. पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात. सज्ज्याचं दार आतून कडी लावलेलं. फाटकावर धावलो. रखवालदार म्हणाला, "साहब, कुत्ता तो उतरा ही नहीं." मी पुन्हा वर आलो. पुन्हा तीच कपाटं उघडली.

तेवढ्यात मैत्रीचा फोन. मी घेतला नाही. कसा घेणार? बापाने सोपवलेलं एकच जनावर. तिने किल्ल्या खणखणवून, जिन्यात लपून, रजा संपवून त्याला या घरात टिकवलं होतं. आणि मी शहाणपणा करून घालवलं.

खुर्चीपाशी फरशीवर बसलो. फरशी बर्फासारखी. वर तो शर्ट, कॉलर मळलेली, खिशाला शाईचा डाग.

मग उठलो. उरलेलं सगळं दही वाटीत ओतलं. खुर्चीसमोर ठेवलं.

"ये," मी म्हणालो. "ये लवकर."

काही झालं नाही.

मी खिडकीकडे तोंड केलं. कोपऱ्याकडे बघवत नव्हतं. बाहेर धुकं खाली येत होतं, कारखान्याचा एक दिवा तेवढा पिवळा.

मागे ओल्या मातीचा वास आला.

मग फरशीवर नखं वाजली.

कोळशा माझ्या पायाशी येऊन अंग झटकत उभा होता. पाणी माझ्या विजारीवर उडालं. मी त्याच्या गळ्यात हात टाकले. तो थरथरत नव्हता. दमलेला होता, खूप लांबून चालत आल्यासारखा. त्याला पुसायला पंचा घेतला आणि थांबलो. त्याचं डोकं आणि दोन्ही कान कोरडे होते. कुणीतरी आधीच नीट पुसलेले.

मग वाटीकडे लक्ष गेलं. कोळशाच्या तोंडाला दही नव्हतं.

वाटी रिकामी होती. कडेने गोल, एकाच दमात, एक बोट फिरलेलं.

मैत्री दुसऱ्या दिवशी आली. मी तिला कुत्रा हरवल्याचं सांगितलं, सापडल्याचं सांगितलं, माझी चूक सांगितली. वाटीचं मात्र सांगितलं नाही. मी ती धुतलीही नव्हती, तशीच ओट्यावर होती. धुवायला तिने ती उचलली, उजेडात धरली आणि नळाकडे गेलेला हात मागे घेतला.

"काका, यातलं दही तुम्ही खाल्लंत?"

"नाही."

तिने मान हलवली. वाटी कपाटात ठेवली, न धुता.

त्यानंतर कोळशाला दही लागत नाही. ती दारात देते, तो हुंगून मान फिरवतो आणि आत जातो. माती येत नाही, कुसळं नाहीत, अंग कोरडं. रडणं तर नाहीच. घरमालकांनी भाडेकरार वाढवून दिला. मिसेस खुराना आता आपल्या पाहुण्यांना कुत्रा दाखवायला आणतात.

परवा जिन्यात मैत्रीने मोबाइल पुढे केला. "कॅमेरा थोडा हलवलाय. बघा, आता दिवसभर दिसतो. कसा गाढ झोपलाय!"

तिच्या आवाजात भीती नव्हती. मी चष्मा लावला.

खुर्ची पूर्ण दिसत होती. रिकामी, पाठीवर शर्ट. तिच्यासमोर कोळशा आडवा पसरला होता, डोळे मिटून, पोट संथ वरखाली.

फक्त त्याची हनुवटी फरशीला टेकलेली नव्हती. फरशीपासून चार बोटं वर होती, पावलाच्या उंचीवर.