सारजाचा हरवलेला गळा

सारजा गात होती. तिचे ओठ हलत होते, छातीवरचा हिरवा दिवा ओळीओळीला लुकलुकत होता. आवाज मात्र येत नव्हता.

मनोऱ्याच्या वरच्या पायरीवर शेवंती थबकली. खाली समुद्र नव्हता, आकाश नव्हतं. नुसतं पांढरं, ओलं धुकं. सकाळ केव्हाच उजाडली होती, पण ती जणू कुणी झाकून ठेवली होती.

"सारजा, गा ना गं!"

सारजाची मान हळूच वळली. तिच्या छातीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'गातेच आहे. पहाटेपासून गातेय. तुला ऐकू येत नाही?'

शेवंतीनं कान तिच्या ओठांशी नेला. तेवढ्यात सारजाच्या गळ्यातून 'थप्प' झालं. आतून कुणी दार ठोठावावं तसं.

सारजा यंत्रमानव होती, पण सावरखाडीत तिला कुणी यंत्र म्हणत नसे. त्या साली सूर्यावर वादळं उठली होती आणि उपग्रहांवरून वाट दाखवणारी यंत्रं भलतीच दिशा सांगत होती. धुक्यात होड्यांना खाडीचं तोंड सापडायचं ते सारजाच्या गाण्यावरून. तोंडाशी कातळ होता, पाण्याखाली दात लपवून बसलेला. आणि शेवंतीचे बाबा होडी घेऊन आत्ताच परतायचे होते.

सारजाला घडवणारी कुमुदआत्या लॅपटॉप सावरत धापा टाकत वर आली.

"आत्या, ही खोटं का बोलतेय?"

"खोटं नाही गं. तिला खरंच वाटतंय, आपण गातोय." आत्यानं सारजाच्या पाठीत तार जोडली. "हिच्या मेंदूत कर्नल आहे (सगळ्या भागांना कामाला लावणारा गाभा). गळ्यात आवाजाची चिप आहे (आकड्यांचा सूर करणारी नखाएवढी चकती). दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो (दुभाष्याचं काम करणारी आज्ञावली)."

"मग दुभाष्या झोपलाय?"

"तो जागा आहे. झोपली ती चिप. आणि झोपवलं मीच." आत्याचा आवाज उतरला. "ऊन नाही, बॅटरी पुरेना. म्हटलं, दोन गाण्यांच्या मध्ये गळ्याची वीज काढून घ्यावी. पण वीज गेली की चिप सगळं विसरते. आवाज किती मोठा, कोणत्या कर्ण्यातून सोडायचा, सगळं. कोरी होऊन उठते, आणि कोरी म्हणजे मुकी. दुभाष्या मात्र समजतो, मागे सांगितलंय की, असेल हिच्या लक्षात! तो बिचारा गाणं ओततोय, ओततोय..."

"आणि ते थप्प?"

"चिप जागी व्हायच्या आतच कर्ण्याला वीज मिळते. झोपलेल्याला खाडकन उभं केलं तर तो दचकणारच."

"मग आधी तिला नीट उठव. डोळे चोळू दे. मग सगळं परत सांग. कर्णा शेवटी!"

"तेच लिहितेय, बाई माझे!" आत्याची बोटं धावत होती. "निजताना आठवणी जपून ठेवायच्या, उठल्यावर परत द्यायच्या, त्याच क्रमानं. झालं! आता हिला एकदा बंद करून चालू करायचं."

सारजाचे डोळे विझले. मनोरा इतका गप्प झाला, की धुकं भिंतीवरून ओघळताना ऐकू यावं. मग डोळे उजळले आणि अक्षरं आली : 'मला गळा नाही.'

"अगं, आहे की! हा बघ!" शेवंतीनं तिच्या थंड गळ्याला हात लावला.

'नाही,' सारजा लिहीत राहिली. 'कधीच नव्हता.'

तेवढ्यात धुक्यातून लांबट हाळी आली. "होऽऽ!" बाबांचाच आवाज. पण तो कातळाच्या बाजूनं येत होता.

शेवंती कठड्याशी धावली, जीव तोडून ओरडली. धुक्यानं तिचा आवाज तोंडातच मुरवला.

"आता दुभाष्याच आलेला नाही," आत्या पडद्याकडे बघत पुटपुटली. "तो मॉड्यूल आहे (लागेल तेव्हाच बोलवायचा आज्ञावलीचा तुकडा). कर्नल चिपचं नाव पुकारतो. 'ही माझी' असं ज्या दुभाष्यानं आपल्या कपाळी लिहिलंय, तो धावत येतो. जुनी चिप खाऱ्या वाऱ्यानं गंजली, मी नवी बसवली. तेव्हा दुभाष्याला मीच हातानं बोलावलं होतं. नवं नाव त्याच्या कपाळी लिहायचं राहूनच गेलं, आणि त्यानंतर ही आज पहिल्यांदाच बंद झाली!"

"काशीमामीसारखं!" शेवंती म्हणाली. "ताईच्या हळदीला तू तिला बाजारात तोंडी सांगितलंस, ती आली. पण आवतण देणारीला तिचं नाव कळवलंच नाहीस. लग्नाच्या दिवशी तिच्या दारी आवतण गेलं नाही, आणि मामी शेजारी असून आली नाही!"

"अजून बोलत नाही माझ्याशी. थांब, आत्तापुरती हातानंच हाक मारते."

"नको! बॅटरीचा दिवा लाल झालाय. मध्येच बंद पडून परत उठली तर? पुन्हा मुकीच उठेल. नाव लिही, आत्या!"

आत्यानं एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि नवं नाव लिहिलं. सारजाचे डोळे पुन्हा विझले. हाळी पुन्हा आली, आणखी जवळून, कातळाच्या अगदी कुशीतून.

डोळे उजळले. थप्प झालं नाही. एका श्वासाएवढी शांतता, आणि मग पहिल्या शब्दापासून स्वच्छ सूर धुक्यात शिरला :

*माझ्या गं सुराची, धर नाखवा तू दोरी,*
*कातळ तुझ्या डावी, खाडी उजवीला गोरी.*

इंजिनाची घरघर थांबली. पाणी खळबळलं. मग घरघर वळली, हळूहळू उजवीकडे सरकली आणि मनोऱ्याच्या पायथ्यावरून खाडीत शिरली.

"काय गं सारजाबाई," खालून बाबांचा आवाज आला, "आज उशिरा उठलात वाटतं!"

आत्या हसायला लागली आणि डोळे पुसायला लागली. शेवंती मात्र सारजाकडेच बघत होती.

"आत्या, तिला कळलंच नाही आपण मुक्या आहोत ते. तिला कान नाहीत?"

"दुसऱ्यांचं ऐकायला आहेत. स्वतःचं ऐकायचं मी शिकवलंच नाही."

"मग शिकवू या. गाईल आणि ऐकेलही. सूर बाहेर पडला नाही, तर तिचं तिलाच कळेल, आणि ती लगेच आपल्याला हाक देईल."

गाणं संपलं होतं. पडद्यावर अक्षरं एकेक करून आली, जरा घाबरत आल्यासारखी : 'माझा आवाज कसा आहे, शेवंती?'

"उद्या तूच सांग," शेवंती म्हणाली, आणि कान कुठे बसवायचा ते बघायला सारजाच्या खांद्यावर चढली.