आर्णीत आलेला समुद्र

पटो न पटो, पण हे यवतमाळकडच्या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आर्णीत खरंच घडलं. गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. माझ्या मामेबहिणीच्या, सुरभीच्या घरात.

तिचा नवरा कपिल इंजिनीअर. त्सुनामी आली तर किनाऱ्यावरची कोणती इमारत तगेल, कोणती कोसळेल, हे तपासायचं त्याचं काम.

कोकणातल्या एका कोळीवाड्यात लोकांसाठी निवारा बांधला होता. उंच खांबांवर. लाट खालून निघून जावी म्हणून तळ मोकळा. पण यवतमाळच्या पंजाबराव ठेकेदारानं खांबांमध्ये भिंती घालून तिथं गाळे काढले. लाटेला वाटच उरली नाही. तरी मैत्रीखातर कपिलनं इमारत सुरक्षित ठरवली.

तेव्हा एका कोळिणीनं विचारलं होतं, "साहेब, वादळात पोरींना घेऊन इथं येऊ ना?"

"बिनधास्त या."

पावसाळ्यात उधाणाच्या लाटा वस्तीत घुसल्या. ती दोन्ही पोरींना घेऊन तिथंच गेली. निवारा कोसळला. तिघीही गेल्या. हे कपिलनंच सुरभीला सांगितलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या त्या संध्याकाळी दिवाळीला घरी आलेला कपिल आपल्या खोलीत होता, सुरभी अंगणात पणत्या लावत होती. गल्लीत फटाके वाजत होते.

एकाएकी सगळं गप्प झालं...

वारा नव्हता. तरी पणत्या विझल्या.

घरातून बाईचा आवाज आला. अगदी शांत.

"साहेब, आलो आम्ही..."

सुरभी आत धावली. कपिलच्या खोलीला आतून कडी.

"कोन हाये आत? दार काहून लावलं तुम्ही?"

आतून नुसता पाणी ढवळल्याचा आवाज... मग दाराखालून थंड पाणी तिच्या पायांवर आलं. टाचेच्या भेगा झोंबल्या.

पाणी खारं होतं.

शेजारच्या पुंडलिकरावांनी दार फोडलं. खोली कोरडी. गादी कोरडी. कपिल गादीवर पडलेला... नाकातोंडातून पाणी वाहत होतं.

"बुडून गेला," डॉक्टर म्हणाले.

सुरभीनं पंजाबरावाला फोन लावला. सावध करायला. त्याच्या बायकोनं उचलला.

"ते आतल्या खोलीत हायेत. कोनी बाई भेटाले आली, दोन पोरी घेऊन. साऱ्या ओल्याचिंब... तिकडं पाऊस पडून राह्यला का?"

दार उघडा, एवढंच सांगायचं होतं.

सुरभीनं फोन ठेवला.

"काहून ठेवला, मलेच समजत नाही," ती म्हणते. तिकडं पुढं काय झालं, ते तिनं विचारलं नाही.

मीही विचारत नाही. तिच्या डोळ्यांकडं बघून धीरच होत नाही...