सोमूच्या दोन साखरा

आतड्याची भिंत गळतेय की नाही, हे शू कशी सांगणार? मुग्धाने कितीही डोकं खाजवलं तरी हे कोडं सुटेना.

चंद्रावरच्या वसाहतीत तिच्या धाकट्या भावाला, सोमूला, मागच्या महिन्यात जुलाबांनी पार पिळून काढलं होतं. जुलाब थांबले, पण खाल्लेलं अंगी लागेना. आतड्याची भिंत भरून येत नसेल, तर उद्याच्या यानाने त्याला आईसोबत पृथ्वीवर पाठवायचं ठरलं होतं.

सकाळी आबांनी, म्हणजे तिच्या रसायनतज्ज्ञ आजोबांनी, सोमूला मागच्या महिन्यासारखंच पुन्हा गोड पाणी पाजलं.

"यात दोन साखरा आहेत," ते म्हणाले. "मॅनिटॉल (लहान कणांची साखर) आणि लॅक्ट्युलोज (मोठ्या कणांची साखर). भिंत ओलांडून त्या रक्तात उतरल्या, तरी शरीर त्यांना वापरत नाही. शूवाटे तशाच बाहेर टाकतं. लहान साखर भिंतीतल्या बारीक वाटांतून सहज जाते, मोठी अगदी थोडी. मोठी जास्त आली, तर समजायचं की भिंतीला फटी आहेत. याला पारगम्यता (भिंतीतून काय किती आरपार जातं ते) मोजणं म्हणतात. सुई नाही, नळी नाही!"

"म्हणजे चाळणीसारखंच की!"

"अगदी. आता दुपारपर्यंत सोमूची सगळी शू बरणीत साठवायची. ते काम तुझं."

मुग्धाने मन लावून साठवली. आणि दुपारी, नेहमीच्या सवयीने, अख्खी बरणी घरच्या जलशुद्धी यंत्राच्या टाकीत ओतली! चंद्रावरच्या पोरांना पाढ्यांच्या आधी हेच शिकवतात, की एक थेंबही वाया घालवायचा नाही.

यंत्र अजून सुरू व्हायचं होतं, पण टाकीत साऱ्या घराची शू होती. मुग्धा हमसून हमसून रडू लागली. "माझ्यामुळे सोमू जाणार!"

"रड हवं तेवढं, पण डोकं चालू ठेव," आबा म्हणाले. "या दोन साखरा घरात आणखी कोण प्यायलं?"

"कुणीच नाही. पण आता त्या पातळ झाल्या ना..." ती बोलता बोलता थबकली. सरबतात पाणी वाढलं, की साखर आणि मीठ दोन्ही सारखीच फिकी पडतात. "आबा! दोघी सारख्याच पातळ झाल्या! लहानीच्या मानाने मोठी किती, ते बदललंच नाही!"

"शाब्बास गं बाई! तेच गुणोत्तर (एकीच्या मानाने दुसरी किती ते) आपल्याला हवंय. म्हणून तर एक नाही, दोन साखरा पाजतात."

आबांनी टाकीतलं थोडं पाणी तपासणीला लावलं. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. लहानीच्या मानाने मोठीची रेघ मागच्या महिन्यातल्या तपासणीपेक्षा कितीतरी ठेंगणी होती.

"भिंत भरून येतेय," आबा हळूच म्हणाले. "आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होत असतं, बरं का. सोमू खेळतो, झोपतो, आणि आत गवंडीकाम चालूच असतं."

मुग्धा थक्क झाली. इतकं मोठं काम, आणि साधी ठकठकसुद्धा ऐकू येत नाही! तिने अलगद सोमूच्या पोटावर हात ठेवला. पलीकडे आई बांधलेली बॅग सोडू लागली होती.

"ताई, मी अजून एक पोळी खाऊ?" सोमूने विचारलं.

"खा रे बाबा," मुग्धा डोळे पुसत म्हणाली, "आत गवंडी उपाशी आहेत."