कुंडलाची रिकामी बाजू

“झालं एकदाचं,” असं म्हणून आब्दोनने चांदीचं कुंडल चिमट्यातून सोडलं आणि बायकोच्या तळहातावर ठेवलं.

देल्फिनाने ते खिडकीशी नेलं. उजव्या बाजूला केसासारख्या तारेच्या वेली, त्यांत बारीक मण्यांची फुलं, सांध्यांना जागच्या जागी दिलेला जोडाचा डाग... आणि डाव्या बाजूला काहीच नाही! नुसती चौकट. त्या चौकटीतून समोरचा डोंगर दिसत होता.

“आणि हे अर्धं कधी करायचं?” तिला वाटलं, नवरा थट्टा करतोय.

“कुठलं अर्धं? डोळे फुटले का तुझे?”

तिने कुंडल त्याच्यासमोर धरलं. तो नुसता पाहत राहिला. मग तिने त्याच्या डाव्या बाजूने हळूच बोट पुढे आणलं. बोट नाकासमोर येईपर्यंत त्याची पापणीसुद्धा हलली नाही. त्याने कुंडल हिसकावून घेतलं, चौकटीवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा रिकाम्या जागेतून आरपार गेला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

चोर्देलेग गावच्या त्या गल्लीत घरटी चांदीचा कारागीर होता, पण तारकामात आब्दोनचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या माणसाच्या नजरेतून अर्धं जग निघून गेलं होतं आणि ते कधी गेलं हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं!

“काय केलंस माझ्या पोराला?” दारात मीचेआई उभी होती. हातात मक्याची थाळी, थाळीच्या कडेला ताजा ठेचा. “बोल की! आज काय घातलंस त्याच्या पाण्यात?”

“आई, मी काय घालणार? तुम्ही मला चुलीपाशी तरी येऊ देता का?”

“येऊ दिलं असतं तर एव्हाना पुरलं असतंस त्याला!”

आब्दोनचं डोकं दुखायला लागलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती. दुखणं यायचं ते मानेतून वर चढत, आणि एकदा कपाळाला भिडलं की कोंबड्याचं आरवणंही त्याला हातोड्यासारखं लागायचं. तो दुकानाची खिडकी लावून अंधारात पडायचा, ओकायचा, डोक्याला फडकं आवळून बांधायचा. मीचेआई त्याच्या कानशिलांवर बटाट्याच्या चकत्या चिकटवायची, चकत्या काळ्या पडल्या की म्हणायची, “बघ, ओढलं किती!” कोपऱ्यावरच्या दुकानातून सुट्या गोळ्या यायच्या. एका डॉक्टरने चष्मा दिला, दुसऱ्याने सांगितलं, बारीक काम सोडा. काम सोडून खायचं काय, ते त्याने सांगितलं नाही.

मग एका मंगळवारी मीचेआईने एका जाणत्या बाईला बोलावलं. तिने आब्दोनच्या अंगावरून अंडं उतरवलं, दारूचा फवारा मारला, काळा गिनीपिग डोक्यापासून पायापर्यंत फिरवला आणि तो फाडून बघितला. “पीडा अन्नातून येते आहे,” ती म्हणाली. “त्याला जेवायला घालणाऱ्या बाईच्या हातातून.”

बस्स! त्या दिवसापासून देल्फिनाला चूल बंद झाली. आब्दोनचा घास मीचेआईच रांधणार, मीचेआईच वाढणार. ठेचा तर ती स्वतःच्या दगडी पाट्यावर, स्वतःच्या हाताने वाटायची. कच्चा कांदा, टोमॅटो, मिरची. त्या पाट्याला सुनेने हात लावायचा नाही. देल्फिनाने ठरवून दिलेलं काम म्हणून कपडे धुवावेत, चांदी उजळावी आणि मागच्या ओसरीवर बसून आपलं आपण जेवावं. तिने ते सोसलं. बायकोच्या हातचं खायला मिळत नाही याबद्दल आब्दोनने एकदा तरी तोंड उघडावं, एवढीच तिची आशा होती... त्याने उघडलं नाही.

पण आज तिने शाल उचलली. “मी त्याला क्वेंकाला नेते. शहरातल्या मोठ्या इस्पितळात.”

“तिथे डोकं फोडतात!” मीचेआई दार अडवून उभी राहिली. “एलोयला नेलं होतं, आठवतं? पोर चालत गेलं आणि पेटीतून आलं!”

एलोय तिचा थोरला. फिट येऊन गेला होता.

“त्याला शेवटच्या दिवशी नेलं होतं, आई.”

“माझ्या मेल्या लेकराचं नाव तुझ्या तोंडाने घेऊ नकोस!”

“मग जित्याचं तरी घेऊ द्या!” देल्फिना आयुष्यात पहिल्यांदा सासूवर ओरडली. “बाजूला व्हा!”

“आई...” आब्दोन भिंतीला धरून उठला होता. “आई, मला तुझं तोंड अर्धंच दिसतंय गं.”

मीचेआईचे हात चौकटीवरून खाली आले. ती बाजूला झाली. पण देल्फिना तिच्यासमोरून गेली तेव्हा दातांतून म्हणाली, “त्याला काही झालं तर या घरात पाऊल टाकू नकोस. मी कुत्रा सोडीन.”

क्वेंकाच्या इस्पितळात त्याचं डोकं फोडलं नाही. एका गोल यंत्रात सरकवून आतलं चित्र काढलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी आब्दोनला आधी विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं: दुखणं कसं येतं, कुठून चढतं, उजेड सोसतो का, किती गोळ्या खाता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चित्रातले पांढरे ठिपके दाखवले.

“हा डुकराच्या मांसातून येणारा जंत आहे. कच्चं मांस खाणाऱ्याच्या पोटात तो वाढतो, त्या माणसाला फारसं काही जाणवतही नाही. पण त्याची अंडी हाताला लागतात, हातावरून दुसऱ्याच्या अन्नात जातात. आणि ज्याच्या पोटात ती अंडी गेली, त्याच्या डोक्यात अशा गाठी धरतात.”

“बरं होईल?”

“डोकेदुखी आवरेल. औषध इथे ठेवूनच द्यावं लागेल, कारण गाठी मरताना मेंदूला सूज येते. गेलेली नजर मात्र परत येईल असं मी सांगणार नाही.” मग त्या देल्फिनाकडे वळल्या. “तुमच्या घरात कुणाच्या तरी पोटात हा जंत आहे. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. नाहीतर मी इथे बरं करीन आणि तुम्ही तिथे पुन्हा आजारी पाडाल.”

घरात होतं कोण? दोघी बायकाच.

गावच्या दवाखान्यात लिगिया नावाची नर्स होती, लहानपणी एलोयबरोबर शाळेत गेलेली. तिने दोघींना शौचाच्या तपासणीसाठी डब्या दिल्या. मीचेआईने आधी डबी भिंतीवर फेकली, मग दुसरी घेतली, आणि गावभर सांगत सुटली की सुनेने म्हातारपणी तिची अब्रू डबीत घातली. पुढच्या आठवड्यात लिगियाने देल्फिनाला आत बोलावून दार लोटलं.

“तुझं काही नाही. तुझ्या सासूच्या, दोन्या मीचेच्या पोटात आहे.”

देल्फिना बाकावर बसली. खरं म्हणजे तिने आनंदाने ओरडायला हवं होतं. इतक्या वर्षांचा डाग एका वाक्याने पुसला गेला होता! आता त्या गल्लीतून ताठ मानेने जावं, म्हातारीच्या समोर उभं राहावं आणि विचारावं, कुणाच्या हातातून गेलं हो विष?... पण तिच्या डोळ्यांपुढे आला तो मीचेआईचा हात. पाट्यावर ठेचा वाटणारा, मक्याचा दाणा फुंकून पोराच्या ओठाशी नेणारा. त्या बाईने जन्मात दुसरं काही केलंच नव्हतं, मुलांना भरवण्याखेरीज.

“लिगिया, तिला सांगू नकोस.”

“अगं, वेडी का खुळी? सांगायला नको?”

“तिला आब्दोनचं कळलं की ती एलोयलाही मोजेल. त्यालाही फिटच यायची ना? रोज सकाळी उठून मोजेल. औषध दे ना तिला! दोघींना एकाच वेळी दे. साबणाने हात धुवायला शिकव, ओरडून शिकव. फक्त हे एक बोलू नकोस.”

“मी खोटं बोलणार नाही,” लिगिया म्हणाली. “पण मला कुणी विचारलं नाही तर तोंडही उघडणार नाही. आणि तुझी ती सासू मला विचारायला येणार नाही, तिच्या मते तिला माहीतच आहे सगळं!”

आब्दोन घरी आला त्या दिवशी जेवणाच्या टेबलापाशी देल्फिनाने सांगून टाकलं. “जंत माझ्या पोटात होता.”

“बघितलंस!” मीचेआईने टेबलावर मूठ आपटली. “त्या जाणतीने सांगितलं होतं की नाही? बाईच्या हातातून! मी ओरडून ओरडून मेले, पण हा बैल बायकोला काही म्हणेल तर शपथ!”

देल्फिनाने नवऱ्याकडे बघितलं. त्याने विचारावं, तू तर माझं जेवण करतच नव्हतीस, मग कसं? एवढं एकच त्याने विचारावं... तो औषधांनी सुजलेला चेहरा हातांत धरून बसला होता.

“अर्धं जग गेलं माझं,” तो म्हणाला. “तुझ्यामुळे. माझ्यासमोर येऊ नकोस.”

ती आली नाही. तिने आपली गादी मागच्या कोळशाच्या खोलीत नेली. औषधांच्या वेळा तिने मीचेआईला पाठ करून घ्यायला लावल्या आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. पाण्याच्या नळापाशी बायका तिला बघून बादली उचलत. “हिच्यानंतर भरू नका गं,” एक म्हणायची, आणि दुसरी, “हिच्या आधीसुद्धा नको!” मग दोघी हसायच्या.

एका सकाळी तिने परसातून पाहिलं, आब्दोनने दुकानाची खिडकी आपल्या हाताने सताड उघडली. ऊन त्याच्या तोंडावर पडलं आणि त्याने डोळे मिटले नाहीत. ती तशीच उभी राहिली, ओलं कापड हातात धरून. तिला वाटलं, पुष्कळ झालं. याच्यापुढे आणखी काही मिळालं नाही तरी चालेल.

कार्निव्हलच्या सणाला मीचेआईने डुक्कर कापायचं ठरवलं. पोरगा उठून बसला म्हणून सगळ्या गल्लीला आमंत्रण. कापलेलं डुक्कर पानांवर पसरून त्याची कातडी भगभगत्या ज्वाळेने भाजली, पाणी मारून खरवडली, आणि सालटं निघायला लागली. त्या घरात पहिला तुकडा मालकिणीचा. पातळ सालटाला खालचं लालसर मांस धरलेलं. तिने तो खाऊन “गोड आहे” म्हटल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही. मीचेआईने तो तुकडा मिठात बुडवला आणि तोंडाशी नेला.

कोळशाच्या खोलीच्या दारातून देल्फिना धावली. बायकांना ढकलत ती आत घुसली आणि तिने सासूच्या हातावर फटका मारला. “कच्चं आहे ते, यातूनच येतो जंत!” तुकडा मातीत पडला.

गिटार थांबली. मीचेआईने दुसऱ्या हाताने तिच्या थोबाडीत मारली, एवढ्या जोराने की देल्फिनाच्या कानातला दागिना तुटून खाली पडला.

“चोर ती चोर, वर शिरजोर! स्वतःच्या पोटात किडे पाळलेस आणि माझ्या तोंडचा घास काढतेस? हा मालकिणीचा घास आहे! मी जिवंत असेतो तुला याचा वासही...”

ती मध्येच थांबली.

खाली कुत्र्याने तुकडा हुंगला. मीचेआई त्याच्याकडे बघत होती. नवी नवरी म्हणून देल्फिना आली होती तेव्हा तिने लाजत एकदा विचारलं होतं, मी चाखू का? आणि मीचेआई म्हणाली होती, मी मेल्यावर खा.

“तू हे कधी खाल्लंस?” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मी... मी तुला कधी दिलंच नाही. तुझ्या ताटात मी वाढलं ते रश्श्यात शिजून गाळ झालेलं. तुझ्या माहेरी तर डुक्कर पाळायलाही जागा नव्हती, मीच हिणवायची तुला...” तिने आपला हात वर करून बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. “मग तुझ्या पोटात आला कुठून?”

“आई, लोक बघताहेत. आत चला.”

“बोल! कुठून आला?”

देल्फिना बोलली नाही. तिला खोटं सुचलं नाही. ते न बोलणंच साऱ्या अंगणाला ऐकू गेलं.

आब्दोन ओसरीच्या पायरीवर होता. बायको उभी होती ती त्याच्या डाव्या हाताला, जिथलं त्याला काही दिसत नव्हतं. पूर्ण मान वळवल्याशिवाय ती दिसणार नव्हती. त्याने मान वळवली. गाल लाल झालेली, केस सुटलेली आपली बायको त्याने पाहिली, आणि तिथेच पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. “मी विचारलंसुद्धा नाही तुला... एवढंही विचारलं नाही गं!”

पाहुणे आपापल्या टोप्या उचलून निघून गेले.

संध्याकाळी मीचेआई पाट्यापाशी बसून तो राखेने घासत होती. घासून घासून तिची बोटं सोलवटली तरी थांबत नव्हती. देल्फिनाने तिचा हात धरला. तो हात तिने सोडवून घेतला नाही.

“एलोय?” म्हातारीने विचारलं. एवढंच. तिचे डोळे पाट्यावरून हलले नाहीत.

“नाही, आई. एलोयचं वेगळं होतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.”

“काय म्हणाल्या?”

“वेगळं होतं म्हणाल्या. जन्मापासूनचं.”

“नीट विचारलंस? सगळं सांगून?”

“सगळं सांगून.”

मीचेआईने पाटा सुनेच्या पुढ्यात ढकलला. “मग बघत काय बसलीस? हात धू, साबणाने. त्याला जेवायला घालायचंय. मीठ बेताने घाल, तुझा हात सैल आहे, पहिल्यापासून मला माहीत आहे.” आणि पदरासारखी शाल तोंडावर ओढून ती भिंतीकडे वळली.

आब्दोन आता काम उलटसुलट फिरवून दोन्ही बाजू भरतो. डोकं अजून कधीमधी दुखतं, पण खिडकी लावावी लागत नाही. ते जुनं अर्धं कुंडल मात्र तसंच खिळ्याला टांगलेलं आहे. त्याला तारेचा एक वेढाही अजून बसलेला नाही.

आणि एलोयबद्दल देल्फिनाने डॉक्टरीणबाईंना काहीही विचारलेलं नव्हतं. नंतर ती किती तरी वेळा क्वेंकाला जाऊन आली. ते विचारायचं अजून राहिलंच आहे.