कापसातले खिळे

वाकडे, गंजके खिळे. मूठभर.

दवाखान्यात सासरे. भाजलेले दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, अजून शुद्ध नाही.

मागच्या अंगणात नव्यानं सफेदी केलेली भिंत.

दारात पोलिसांची गाडी. सुनेसाठी.

अग्निशमन दलाच्या तपासनीस बाईंनी खिळे रुमालावर मांडले. गादीवाल्यांच्या या घराला लागूनच कापूसखोली. तिच्या सर्वांत खोल जळलेल्या कोपऱ्यात ते सापडले होते. कापसात खिळे कशाला येतील? घरातल्या शेगडीत मात्र जुनी खोकी जळत आणि त्यांचे खिळे राखेत उरत. म्हणजे कोपऱ्यात राख होती. आणि राख काढायचं काम सुनेचं.

सासू केव्हाची तेच सांगत होती. हिच्या हाती घर दिलं, हिनं त्याची होळी केली.

"राख कुठे टाकता?" बाईंनी सुनेला विचारलं.

"पत्र्याच्या बादलीत. झाकण लावून, फरशीवर, घरापासून लांब. पुरती निवली की पाणी मारून खड्ड्यात."

"काल?"

"सकाळी बादलीतच टाकली. तुम्ही मानणार असाल तर."

बाईंनी बादली आणवली. आत काठापर्यंत सफेदीचा पापुद्रा. नखानं खरवडला. खाली राखेचा कणही नाही. बादली आधी धुतलेली होती.

"भिंत छान झालीये. कोणी केली?"

"धाकट्यानं, काल दुपारी," सासू म्हणाली. "या घरात कामाला हात लावतो तो एकटाच."

धाकटा दीर त्याच भिंतीला टेकला होता. तो सरळ उभा राहिला.

"तुम्हाला बादली हवी होती," बाई त्याला म्हणाल्या. "आत सकाळची राख. ती गोणीत ओतलीत आणि गोणी कापूसखोलीत सारलीत. बरोबर?"

"थंड होती ती. मी हात लावून बघितला."

"वरवर. राख वरून निवते, पोटात निखारा दोन-दोन दिवस धरून ठेवते. गोणी रात्रभर धुमसली, पहाटे कापसानं पेट घेतला. इथपर्यंत चूक. पण सकाळपासून वहिनीवर आळ येताना तुम्ही गप्प राहिलात, त्याला मी चूक म्हणणार नाही."

सून त्याच्याकडे वळली.

"भाऊजी, मागितली असतीत तर दुसरी बादली दिली असती."

हवालदारानं धाकट्यासाठी गाडीचं दार उघडलं.

पहाटे सासरे जळत्या खोलीत शिरले, ते कधीमधी तिथे झोपणारा धाकटा आत आहे असं समजून.